फोटोच्या पाठीवर 'महू १९३५', पण हे महू दिसत नाही. जुन्या फोटोतलं स्टेशन ओळखायचं कसं?

माळवी_रूळ (इंदूर)
एका जुन्या अल्बममधला कृष्णधवल फोटो खाली जोडला आहे. मूळ प्रत साधारण ६ × ९ सेंमी, पाठीवर पेन्सिलने 'महू १९३५'. फोटोत दिसतं ते असं:

एक बुटका फलाट, कौलारू दगडी इमारत, इमारतीमागे लगेच उंच डोंगर. फलाटाला लागलेली प्रवासी गाडी, पुढे वाफेचं इंजिन, आणि गाडीच्या शेपटाकडेही धूर. दुसऱ्या लाइनवर एक सुटा प्रवासी डबा, त्याचं टोक कॅमेऱ्याकडे. फलाटाच्या टोकाला हाताचा सिग्नल (सेमाफोर, खांबावर हलणाऱ्या आडव्या पट्टीचा). डब्यावर तीन उभ्या रेघा (तिसरा वर्ग असावा) आणि शेजारी न कळणारी अक्षरं. चहाच्या टपरीवर एक पाटी, तिची लिपी उर्दू वाटते. स्टेशनच्या नावाची पाटी चौकटीबाहेर राहिली आहे.

महू सपाटीवर आहे, यार्ड मोठं आहे. इतका जवळ डोंगर तिथे नाही. मग हे कुठलं? उत्तराबरोबर पद्धतही लिहा, म्हणजे ज्यांच्याकडे असे फोटो पडून आहेत त्यांना धागा कामाला येईल.

खांडवा_पॅसेंजर
आधी स्कॅन नीट हवा. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फोटोवर चर्चा फुकट जाते. एवढ्या लहान प्रतीला १२०० डीपीआय (दर इंचाला इतके बिंदू), पोस्टकार्डाएवढी किंवा मोठी असेल तर ६०० पुरे. टिफ फाइल, ग्रेस्केल नको, रंगीत मोडमध्येच (पिवळे डाग आणि पेन्सिलची खूण वेगळी काढायला रंग लागतो), स्कॅनरचं आपोआप शार्प करणं बंद. पाठही त्याच रिझोल्यूशनला स्कॅन करा. कागद वळला असेल तर काचेखाली दाबून सरळ करू नका, वरचा थर तडकतो.

दहापट भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले तर ती छापील प्रत आहे, तिच्यात कितीही मोठं केलं तरी जास्त काही मिळत नाही. ठिपके नसतील तर खरा फोटो, आणि मग एखाद्या डब्यावरची बोटभर अक्षरंही निघू शकतात.

माळवी_रूळ
१२०० ने पुन्हा स्कॅन करून चढवला. ठिपके नाहीत, खरा फोटो आहे. पाठही जोडली.

सांधेवाला
इमारतीकडे सगळ्यात शेवटी बघायचं. लोक कमानी मोजत बसतात आणि चुकतात, कारण रेल्वे कंपन्या एकच नकाशा दहा-दहा स्टेशनांवर वापरत. तीन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं, अशी इमारत खांडव्यापासून अजमेरपर्यंत कुठेही असू शकते. पहिला प्रश्न रुळांच्या रुंदीचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा (गेज). तो सुटला की निम्म्याहून जास्त देश यादीतून गळतो.

आपल्या भागात चार गेज होते:
ब्रॉडगेज १६७६ मिमी (ग्वाल्हेर, बडोदा मुख्य लाइन, उज्जैन)
मीटरगेज १००० मिमी (इंदूर-महू-खांडवा, इंदूर-रतलाम)
नॅरोगेज ७६२ मिमी (बडोद्याजवळच्या डभोईचं जाळं)
लहान नॅरोगेज ६१० मिमी (ग्वाल्हेर-श्योपुर, भिंड, शिवपुरी)

फोटोत हे मोजायचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्ही करायचे.

पहिला बफर. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्याच्या टोकाला डाव्या-उजव्या बाजूला दोन गोल बफर आणि मधे साखळी-स्क्रू. मीटरगेजला आणि नॅरोगेजला मध्यभागी एकच बफर, त्यातच आकडा. यात मोजमापही लागत नाही. सुट्या डब्याचं टोक मोठं करून पाहिलं: मधे एकच बफर. ब्रॉडगेज बाद.

दुसरा डब्याची रुंदी भागिले रुळांची रुंदी. डब्याचं टोक समोर असेल तरच हे करा, तिरप्या कोनातून आकडे खोटे येतात. रूळ मोजायचे ते त्याच टोकाखाली, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. ब्रॉडगेजचा डबा ३२५० मिमी, म्हणजे गुणोत्तर १.९४. मीटरगेजचा बोगी डबा साधारण २७४५ मिमी, म्हणजे २.७५ च्या आसपास. या फोटोत रूळ ११८ पिक्सेल, डबा ३२२. गुणोत्तर २.७३. एक सावधगिरी: फार जुने चारचाकी लाकडी डबे अरुंद असत, त्यांना हा आकडा लागू नाही. आणि नॅरोगेजचाही डबा रुळांच्या मानाने बराच बाहेर येतो, म्हणून मीटर की नॅरो हा निकाल या गुणोत्तरावर सोडू नका.

तो निकाल तिसऱ्या मार्गाने. रुळांच्या शेजारी, जमिनीवर उभा माणूस शोधा (फलाटावरचा चालणार नाही). त्याची उंची १६५ सेंमी धरली तर रुळांची रुंदी त्याच्या उंचीच्या: ब्रॉडगेजला जवळपास बरोबरीने, मीटरगेजला ०.६, डभोईला ०.४६, ग्वाल्हेरला ०.३७. त्या डब्याजवळ एक खलाशी (रेल्वेचा कामगार) उभा आहे, १९० पिक्सेल. ११८ भागिले १९० म्हणजे ०.६२. माणूस दहा सेंमीने उंच किंवा ठेंगणा असला तरी ०.४६ पर्यंत खाली येत नाही.

मीटरगेज, पक्कं.

सिग्नल_ताई
सांधेवाल्यांच्या मोजणीशी पूर्ण सहमत. पण पुढे जाण्याआधी थांबा. हा फोटो उलटा छापला आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

सिग्नल बघा. हाताच्या सिग्नलचा हात ज्या ड्रायव्हरसाठी आहे त्याला तो खांबाच्या डाव्या बाजूला दिसतो. इथे हात उजवीकडे आहे. आता कोणी म्हणेल की आपण सिग्नलची पाठ बघतोय, पाठीमागून हात उजवीकडेच दिसणार. बरोबर, म्हणून हाताचा रंग बघायचा. पुढची बाजू तांबडी, तिच्यावर पांढरा पट्टा. मागची बाजू पांढरी, तिच्यावर काळा पट्टा. कृष्णधवल फोटोत तांबडा रंग गडद येतो. या फोटोत हात गडद आहे आणि टोकाजवळ फिकट पट्टा. म्हणजे आपण पुढची बाजू बघतोय आणि तरीही हात उजवीकडे. असं प्रत्यक्षात होत नाही. फिल्मची निगेटिव्ह पालथी ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढली की असं होतं.

हाताचं टोक चौकोनी आहे, म्हणजे थांबायचा सिग्नल. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असती तर तो सूचना देणारा वॉर्नर. हात खाली झुकून 'लाइन मोकळी' दाखवतो तो जुना लोअर क्वाड्रंट प्रकार, वर उचलला जातो तो अप्पर क्वाड्रंट. इथे खाली झुकलेला आहे.

माळवी_रूळ
ताई, पण डब्यावरचे तीन दांडे सरळ दिसतात.

सिग्नल_ताई
रोमन तीन आरशातही तीनच दिसतो. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नाही. आडवा पलटून टपरीची पाटी पुन्हा वाचा.

माळवी_रूळ
पलटला. पाटी उर्दू नाहीच, देवनागरी आहे. पहिली अक्षरं छपराच्या सावलीत, पण शेवट '…ये पैसे' असा स्वच्छ वाचता येतो. आणि डब्यावरची न कळणारी अक्षरं 'प. रे.'

जुना_पार्सल
अभिनंदन. उलट-सुलटची आणखी एक खात्री करून घ्या, एकाच खुणेवर विसंबू नये. फलाटावर कोट घातलेला माणूस आहे. कोटाचा वरचा खिसा माणसाच्या डाव्या छातीवर असतो, पुरुषांच्या सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. पलटलेल्या प्रतीत खिसा डाव्या छातीवर आला का?

पदरावर मात्र जाऊ नका. मराठी बायकांचा पदर डाव्या खांद्यावर, गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावर पुढे. इंदूर-बडोद्याच्या गाडीत दोन्ही पद्धती एकाच बाकावर बसलेल्या असत.

माळवी_रूळ
हो काका, खिसा डावीकडे आला.

जुना_पार्सल
मग आता वर्ष काढू. प्रत्येक खूण एक तर 'याच्या आधीचा नाही' एवढं सांगते किंवा 'याच्या फार नंतरचा नाही' एवढं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

'प. रे.' म्हणजे पश्चिम रेल्वे. ती ५ नोव्हेंबर १९५१ ला स्थापन झाली. त्याआधी हाच मार्ग बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीकडे होता, त्याआधी राजपुताना-माळवा रेल्वे, आणि सुरुवातीला होळकर स्टेट रेल्वे. म्हणजे १९५१ च्या आधीचा नाही, ही पक्की खालची हद्द. पाठीवरचं १९३५ इथेच बाद.

'नये पैसे'. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १ जून १९६४ पासून 'नया' शब्द गळाला. १९५७ ही पक्की खालची हद्द. १९६४ ही सैल वरची हद्द, कारण चहावाला पाटी त्याच दिवशी रंगवत नाही. दोन-चार वर्षं पुढे धरा.

तीन दांडे, म्हणजे तिसरा वर्ग. तो १९७४ ला बंद झाला. सैल वरची हद्द, इथे तिची गरजही उरली नाही. वर्गांची एक खाच लक्षात ठेवा: १९५५ ला जुना पहिला वर्ग काढून दुसऱ्याला पहिला म्हटलं आणि इंटरला (दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वर्गाला) दुसरा. त्यामुळे कुठल्या फोटोत डब्यावर 'इंटर' दिसलं तर तो त्या सुमाराचा किंवा आधीचा.

इंजिनाची चाकं कोणी मोजली का?

खांडवा_पॅसेंजर
पुढे एक लहान जोडी, मग चार मोठ्या जोड्या दांड्याने जोडलेल्या, मागे एक लहान जोडी. सुटी चाकं मोजली तर २-८-२. मीटरगेजवर या मांडणीचं स्वातंत्र्यानंतरचं प्रमाण इंजिन म्हणजे वायजी. प्रवासी गाडीचं नेहमीचं वायपी असतं तर पुढे दोन लहान जोड्या आणि मधे तीनच मोठ्या दिसल्या असत्या. पण मालगाडीचं वायजी प्रवासी गाडीला का जोडलं, हाच पुढचा धागा आहे. चार जोड्या म्हणजे ओढ जास्त, वेग कमी. चढ आहे.

नवख्यांसाठी: पहिलं अक्षर गेजचं. डब्ल्यू ब्रॉड, वाय मीटर, झेड ७६२ मिमीचं नॅरो, एन ६१० मिमीचं. दुसरं अक्षर कामाचं, पी प्रवासी, जी माल. डिझेलला मधे डी, उदाहरणार्थ वायडीएम-४. नंबरपाटी वाचता आली तर गेजचा सगळा हिशोब एका अक्षरात संपतो.

लष्कर_ग्वाल्हेर
मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडच्या एका फोटोवर 'डभोई १८६८' लिहिलंय. छोटी गाडी, वाफेचं इंजिन, मागे फिकट रंगाच्या कोरीव दगडाची इमारत, दूर लांबलचक सपाट माथ्याची टेकडी. रुळांजवळच्या माणसाशी गुणोत्तर ०.३६ आलं.

डभोई_नॅरोगेज (बडोदा)
०.३६ म्हणजे ६१० मिमी, आणि डभोई ७६२. आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो म्हणून दुसऱ्या बाजूने तपासा.

डभोई-मियागाम हा गायकवाडांचा मार्ग १८६२ चा, पण तेव्हा गाडी बैल ओढत. रूळ इंजिनाच्या वजनाला हलके होते. १८७३ ला भारी रूळ टाकले तेव्हा वाफेच्या इंजिनांची सोय झाली, नियमित चालायला १८८० उजाडलं. म्हणजे '१८६८' आणि 'वाफेचं इंजिन' ही जोडीच जुळत नाही. असंच १८८० च्या आधी बडोद्यातल्या गोयागेट स्टेशनचा फोटो असू शकत नाही, डभोईहून रूळ तिथे त्या वर्षी आले. मार्ग उघडल्याचं वर्ष ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम खालची हद्द, ती आधी लावायची.

दुसरं, डभोईच्या आसपास सपाट काळी जमीन. पाठीमागे टेकडी असेल तर डभोई नाही. सपाट माथ्याची लांब टेकडी आणि कोरीव वालुकाश्म म्हणजे तुमच्या घराजवळच शोधा. ग्वाल्हेरचा किल्ला स्टेशनपासून वायव्येला आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
किल्लाच आहे! तटाची रेघ आता ओळखू आली. म्हणजे शिंद्यांची लाइट रेल्वे. भिंड आणि शिवपुरी १८९९ ची, सबलगढ १९०४, श्योपुर १९०९. म्हणजे फोटो १८९९ च्या आधीचा धरायचा नाही ना?

डभोई_नॅरोगेज
प्रवासी गाडी असेल तर तसंच धरा. एक अडचण सांगून ठेवतो: माधवराव शिंद्यांची राजवाड्याच्या आवारातली छोटी गाडी सार्वजनिक मार्गाच्या आधीची होती. म्हणून डबे बघा. प्रवासी डबे, फलाट, सिग्नल दिसले तर सार्वजनिक मार्ग. वेगळा धागा काढा, इथे महूचं राहून जाईल.

लष्कर_ग्वाल्हेर
काढतो. मोठे आभार.

सांधेवाला
आता मूळ फोटोकडे. मीटरगेज, पश्चिम रेल्वे, साधारण १९५७ ते साठीचं दशक, डोंगर अंगावर आलेला, चढाचं इंजिन, आणि माळवी_रूळ यांनी पहिल्याच ओळीत सांगितलेली गोष्ट: शेपटाकडेही धूर. मागे दुसरं इंजिन आहे. त्याला बँकर म्हणतात, घाटात गाडी मागून ढकलायला.

पश्चिम रेल्वेच्या मीटरगेजवर घाट आणखीही होते, म्हणून एकदम उडी मारत नाही. अरवलीतला गोरमघाटचा भाग आठवा. पण पाठीवरचं 'महू' टाकून द्यायचं नसतं. वर्ष चुकलं, स्टेशन चुकलं, तरी लिहिणाऱ्याच्या डोक्यात महू का आलं हा पुरावा आहे. लोक आडगावच्या स्टेशनाचं नाव विसरतात आणि जवळच्या ओळखीच्या गावाचं लिहितात. महूच्या जवळचा घाट एकच, पातालपानी ते कालाकुंड. साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, चढ ४० ला १, वाटेत चार बोगदे. ४० ला १ म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडावर लोखंड फिरतं तेव्हा एका इंजिनाला भरलेली गाडी झेपत नाही, चाकं जागेवर घसरतात.

दोन उमेदवार उरतात. खाली कालाकुंड, वर पातालपानी. खांडव्याकडून येणाऱ्या गाडीला बँकर कालाकुंडला लागायचा आणि पातालपानीला सुटायचा. दोन्ही ठिकाणी दोन टोकांना धूर असलेली गाडी दिसू शकते.

माळवी_रूळ
चोरल किंवा बलवाडा का नाही?

सांधेवाला
बँकरमुळे. ते घाटाच्या पायथ्याच्याही अलीकडे, खांडव्याच्या बाजूला. तिथे गाडीच्या मागे इंजिन लावण्याचं कारण नाही. कोणी म्हणेल रिकामं इंजिन नेत असतील. तसं असेल तर ते बहुधा पुढच्या इंजिनाला जोडून नेतात.

सिग्नल_ताई
कालाकुंड की पातालपानी, हे डोंगराच्या रेषेवरून ठरेल. पातालपानी माळव्याच्या पठाराच्या काठावर आहे: एका बाजूला सपाटी, दुसऱ्या बाजूला जमीन एकदम खाली जाते. तिथे उभं राहून डोंगर वर बघावे लागत नाहीत. कालाकुंड खाली चोरल नदीच्या खोऱ्यात, तिथे डोंगर मान वर करून बघायचे. फोटोत इमारतीच्या छपराच्या बरंच वर डोंगर गेला आहे. माझं मत कालाकुंड.

कोणी गूगल अर्थवर रेघ जुळवून बघेल का? अर्थातच पलटलेल्या प्रतीवर.

छायाप्रत (इंदूर)
केलं. पायऱ्या देते, इतरांना उपयोगी पडतील.

१. फोटोत फक्त डोंगराची वरची कड एका पारदर्शक थरावर पातळ रेघेने गिरवली. झाडं, धूर वगळले.
२. गूगल अर्थ प्रोमध्ये उंचीची अतिशयोक्ती १ वर ठेवली. ती वाढवलेली असेल तर प्रत्येक टेकडी सह्याद्री होते.
३. दोन्ही स्टेशनांवर फलाटाच्या रेषेत, डोळा जमिनीपासून दोन मीटरवर ठेवून, थोडं थोडं फिरत पडद्याची चित्रं घेतली.
४. गिरवलेली रेघ त्यांवर ठेवली. लहान-मोठी केली, पण उभी-आडवी वेगवेगळी ताणली नाही. तसं ताणलं की कुठलीही रेघ कुठेही बसते.

जुळवताना उंची बघू नका, खाचांची क्रमवारी आणि त्यांच्यातलं अंतर बघा. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीत साधारण तीस मीटरचे चौकोन असतात, त्यामुळे टोकदार कडे बोथट दिसतात.

पातालपानीला कुठल्याच दिशेने जुळत नाही. कालाकुंडला, इमारतीकडे तोंड करून, कडेवरची खाच आणि तिच्या शेजारचा सपाट तुकडा दोन्ही बसतात. न पलटलेली प्रतही मुद्दाम लावून पाहिली. ती दोन्ही स्टेशनांवर बसत नाही. ताईंचं उलट छपाईचं निदान डोंगरानेही मान्य केलं म्हणायचं.

जुना_पार्सल
फार सुंदर काम, छायाप्रत. सावल्यांवरून वेळही काढता येईल, पण जपून. 'उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नाही' हे लोक नियमासारखं सांगतात, तो आपल्याकडे नियम नाही. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर चांगलं ऊन असतं. आणि इंदूर, बडोदा हे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, जूनमध्ये काही दिवस दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. ग्वाल्हेरला असं कधीच होत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर आहे. उलट्या प्रतीवर सावली मोजली तर पूर्वेची पश्चिम होते, तेव्हा पलटून झाल्यावरच.

छायाप्रत
या फोटोत सावल्या लांब आहेत, एवढंच खात्रीने म्हणेन. महिना ठरवण्याइतकी जमिनीची कड सरळ नाही.

खांडवा_पॅसेंजर
शेवटची खात्री जागेवर. पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडी डिसेंबर २०१८ ला सुरू झाली, तिने जाणाऱ्या कोणीही हे करू शकेल. जाताना काय टिपायचं:

फोटो जिथून काढला ती जागा शोधा. त्यासाठी जुन्या फोटोत एकामागे एक आलेल्या दोन वस्तूंची जोडी लागते, उदाहरणार्थ इमारतीचा कोपरा आणि त्यामागची डोंगरातली खाच. त्या दोन्ही तशाच एका रेषेत येईपर्यंत सरकायचं. अशी दुसरी जोडी मिळाली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता.

इमारतीत बदललेल्या गोष्टी सोडा: रंग, कौलं किंवा पत्रा, खिडक्या, फलाटाची उंची. न बदलणाऱ्या बघा: कोपऱ्याच्या दगडांची रचना, चौथऱ्याचे थर, दारांमधलं अंतर. कोपऱ्याचे दगड खालपासून मोजा आणि लांब-आखूड क्रम लिहून घ्या. दुरुस्तीत मधला एखादा दगड बदललेला असेल तर तो बोटाच्या ठशासारखा उपयोगी पडतो.

कुंपणाला किंवा छपराला जुने रूळ खांब म्हणून वापरलेले असतील तर त्यांच्या कमरेवरची (मधल्या उभ्या भागावरची) उठावाची अक्षरं वाचा. कारखाना, वर्ष, दर यार्डाचं वजन. पण ते वर्ष रूळ बनवल्याचं. मुख्य लाइनवर वीस-तीस वर्षं झिजल्यावर तो खांब होतो, म्हणून त्यावरून स्टेशनचं वय काढू नका.

नावाची पाटी सापडली तर समुद्रसपाटीपासूनची उंची बघा. मीटरमध्ये असेल तर पाटी मेट्रिक आल्यानंतरची. फुटांत असेल तर जुनी असेलच असं नाही, लांबच्या स्टेशनांवर फुटांच्या पाट्या बरीच वर्षं टिकल्या.

माळवी_रूळ
गाडीच्या खिडकीतून आणि उतरून काढलेले नऊ फोटो वर जोडले आहेत, एका सभासदांनी पाठवले. कोपऱ्याचे दगड मोजले: खालून लांब, आखूड, लांब, लांब, आखूड. सलग दोन लांब असा खंड जुन्या फोटोतही त्याच जागी आहे. दारांमधलं अंतर भागिले दाराची रुंदी दोन्हीकडे सारखं येतं. खाच आणि कोपरा एका रेषेत आणल्यावर उभं राहायची जागा रुळांच्या पलीकडे, दुसऱ्या लाइनच्या बाजूला पडते.

सांधेवाला
मग झालं. आता नोंद अशी लिहा की पुढच्या माणसाला काय पक्कं आणि काय अंदाज ते कळेल. पाठीवरची जुनी पेन्सिल खोडू नका, तीही नोंदीत उतरवा. नवी नोंद फोटोच्या पाठीवर नको, वेगळ्या कागदावर आणि फाइलच्या नावात. पेनाची शाई तर मुळीच नको, ती पुढच्या बाजूला उमटते.

माळवी_रूळ
अशी लिहिली आहे, चूक असेल तर सांगा:

'कालाकुंड स्टेशन, खांडवा-महू मीटरगेज मार्ग, पश्चिम रेल्वे. खांडव्याकडून आलेली प्रवासी गाडी, पुढे वायजी इंजिन, मागे बँकर, घाट चढण्यापूर्वी. मूळ प्रत आडवी उलटी छापलेली, इथे सरळ केली आहे. स्थान: पक्कं (गेज, डोंगराची कड, कोपऱ्याचे दगड). काळ: १९५७ च्या आधीचा नाही, साधारण १९६८ पर्यंतचा (टपरीवरची नये पैशांची पाटी). पाठीवर पेन्सिलने "महू १९३५", चुकीचं, जसंच्या तसं ठेवलं.'

सिग्नल_ताई
'घाट चढण्यापूर्वी' पुढे 'बहुधा' घाला. बँकर नुकताच लागला की कालाकुंडला उतरून आलेल्या गाडीचं इंजिन मागे उभं आहे, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. गाडीचं तोंड कुठे आहे ते सरळ प्रतीवर डोंगराच्या मानाने बघा, मग 'बहुधा' काढता येईल.

छायाप्रत
बघितलं. सरळ प्रतीत पुढचं इंजिन पातालपानीच्या दिशेला आहे. 'बहुधा' काढा.

माळवी_रूळ
काढलं. सरळ केलेली १२०० डीपीआयची प्रत आणि नोंद पहिल्या प्रतिसादात जोडली आहे. याच अल्बममध्ये आणखी चार फोटो आहेत, एकात नदीवरचा लांब पूल आणि पाठीवर 'बडवाह'. नर्मदेचा १८७६ चा असेल तर तो मोरटक्क्याच्या बाजूने की बडवाहच्या, हे उद्या दुसऱ्या धाग्यात विचारतो.